सेक्रेटरी आणि बसकी गाडी

सेक्रेटरींसमोर कुणी "सगळंच सडलंय" असं म्हटलं, की ते हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि दोनच शब्द बोलायचे. "जागा दाखव." बोलणारा गडबडायचा. कसली जागा? "सडलंय म्हणतोस ना? मग कुठे सडलंय ती जागा दाखव. वास घरभर येतो. उंदीर एकाच कपाटामागे मेलेला असतो." एवढं बोलून चष्मा पुन्हा नाकावर, आणि मान पुन्हा गाडीखाली. या दोन शब्दांनी धायरीत किती चहाच्या बैठका मोडल्या असतील, सांगता येत नाही. माझी तर दर रविवारी मोडायची.

सेक्रेटरी म्हणजे कामगार संघटनेचे सेक्रेटरी. ज्या कारखान्याचे ते कामगार होते तो बंद पडला, त्याच्याबरोबर संघटना गेली, फाटकासमोरची सभेची जागा एका इमारतीच्या पार्किंगखाली गेली. हुद्दा तेवढा माणसाला चिकटून राहिला. जन्माने ते बुधवार पेठेतले, त्यामुळे त्यांचं बोलणं स्वच्छ आणि बोचरं. कारखान्यात त्यांच्याकडे दाबाच्या हवेच्या नळ्यांची देखभाल होती. सगळ्या शेडभर पसरलेल्या नळ्यांतून हवा कुठे निसटते ते शोधायचं, हेच त्यांचं काम. कारखाना गेल्यावर त्यांनी धायरीत मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड टाकली आणि तेच काम चालू ठेवलं. आधी ट्रकचे हवेचे ब्रेक, मग बसगाड्या, आणि शेवटी त्या उंच, चारही चाकांनी ओढणाऱ्या महागड्या गाड्या, ज्यांच्यात लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या, हवेने भरलेल्या पिशव्या असतात.

माझं बालपण सेक्रेटरींच्या अक्षरात गेलं. बाबा त्यांच्याच संघटनेत होते. आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच. कारखान्यात यंत्रांना लिंबू-मिरची बांधायची साथ आली होती, तेव्हा सेक्रेटरींनी काढलेलं पत्रक मला अजून पाठ आहे. मथळा होता, "लिंबू पिळा, टांगू नका." बाबांचं बोट धरून मी ते स्वारगेटला एसटीच्या रांगेत वाटलं होतं. एका बाईंनी ते घेऊन त्यात शेंगदाणे बांधले. मी रडले. सेक्रेटरी म्हणाले, "रडू नकोस. शेंगदाणे संपल्यावर वाचतील."

मोठी झाल्यावर मी स्वतःची पत्रकं लिहू लागले आणि दर रविवारी सकाळी मसुदा घेऊन शेडवर जाऊ लागले. ते मला "संपादक" म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा हिशोब मी कधी लावला नाही. एकदा मी लिहिलं होतं, "भ्रष्ट व्यवस्थेने जनतेचे कंबरडे मोडले आहे." त्यांनी ग्रीस लागलेल्या बोटाने त्या ओळीखाली रेघ मारली. "कुणाचं मोडलं?"

"जनतेचं."

"जनता दवाखान्यात जात नाही, संपादक. एक माणूस आण. त्याचं कंबरडं दाखव. मग व्यवस्थेकडे वळू."

मी चिडायचे. मला आग हवी होती, आणि हे गृहस्थ पत्ता विचारत होते. पण तो कागद मी पुन्हा लिहायचे.

"कसे आहात?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दमलेला आहे. तू बोल." आज शनिवार आहे, इतक्या सहजपणे ते सांगायचे. एकेक काम झालं की आडव्या टाकलेल्या जुन्या टायरवर बसायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरांकडे बघत राहायचे. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच गाड्यांच्या पोटाखाली आता दिवस काढतो, याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. मीच करायचे. "खड्ड्यांतून जाताना आतल्या माणसाच्या चहाचा कपसुद्धा हलू नये म्हणून ही हवा! आणि खड्डे पाडले कुणी? यांच्याच डंपरांनी!" ते म्हणायचे, "बरोबर आहे. ती पक्कड दे."

गळती शोधायला ते रिठ्याचं पाणी वापरायचे. साबणाचा फेस लगेच विरतो, रिठ्याचा टिकतो, असं त्यांचं मत होतं. स्टोव्हवर पातेल्यात रिठे उकळत असायचे, त्यामुळे शेडमध्ये ग्रीस आणि न्हाणीघर यांचा मिळून वास यायचा. ते पाणी रंगाच्या ब्रशाने नळ्यांवर, सांध्यांवर, पिशव्यांच्या घड्यांवर लावायचे आणि बघत बसायचे. हवा निसटत असेल तिथे फुगे येतात. "काही बोलायचं नाही," ते सांगायचे. "ती स्वतः सांगते."

या सगळ्या सवयी एकाच दिवशी पणाला लागलेल्या मी पाहिल्या, त्या भाऊशेठच्या गाडीवर.

भाऊशेठ मूळचे धायरीतलेच. वडिलांची शेती होती, तिथे आता भाऊशेठच्या इमारती आहेत. त्यांची काळी, उंच गाडी रोज सकाळी डाव्या अंगाने बसलेली असायची. पुढचं डावं चाक जवळजवळ दिसेनासं व्हायचं. इंजिन चालू केलं की पंप घरघरत हवा भरायचा आणि गाडी म्हशीसारखी हळूहळू उठायची. कंपनीच्या वर्कशॉपने संगणक लावून पाहिलं आणि पंप बदलला. नवा पंपही रोज हवा भरून भरून जळायच्या बेताला आला. गाडी तिथे दोनदा ठेवून घेतली, तर तिथे ती बसतच नव्हती. मग त्यांनी सांगून टाकलं की गाडी दगडाधोंड्यांतून हाणली असणार, पिशवी चिरली असणार, चूक चालवणाऱ्याची.

चालवणारा होता बाळू. भाऊशेठच्या बंगल्यामागच्या खोलीत तो, बायको आणि दोन पोरी राहायच्या. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि पोरींची शाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. भाऊशेठने त्याला सांगितलं होतं, "सेक्रेटरीकडं ने. तुझी चूक न्हाई असं त्यांनी दाखवलं तर बरं. न्हाई तर सोमवारपासून येऊ नको."

शनिवारी संध्याकाळी बाळू गाडी शेडवर ठेवून गेला. सेक्रेटरींनी चारही चाकांवरच्या पत्र्यावर, उंची कळावी म्हणून, खडूने खुणा केल्या. रविवारी सकाळी मी मसुदा घेऊन पोचले तेव्हा ते आणि बाळू त्या खुणांकडे बघत उभे होते. गाडी तसूभरही खाली आली नव्हती.

"काका, गाडी चांगली आहे की!" मी म्हणाले.

"गाडी लबाड आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा अंदाज होता की पिशवीची घडी चिरली असणार. गाडी उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या. हवेवर उभ्या असलेल्या गाडीत घोड्या लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, हा त्यांचा नियम. मग पिशवीवर रिठ्याचं पाणी लावलं. एकही फुगा नाही. सांध्यांवर लावलं. नाही. ते बाहेर आले आणि टायरवर बसले. "चुकलो," म्हणाले. बाळूच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, आता?"

"आता तू सांग. बंगल्यावर गाडी कशी लावतोस?"

"कशी म्हंजी? आत घेतो न् लावतो."

"सरळ?"

बाळूने जरा विचार केला. "सरळ कुठली साहेब. फाटक अरुंद, म्होरं पाण्याची टाकी. चाक पार डावीकडं पिळून लावावी लागती. सकाळपातूर तशीच."

सेक्रेटरी उठले. "मग इथे चाक सरळ कशाला ठेवलंस? पाहुण्यांकडे आल्यासारखं? पीळ डावीकडे. घरी पिळतोस तेवढंच."

बाळूने चाक पिळलं, इंजिन बंद केलं. मी काहीतरी बोलायला गेले तर सेक्रेटरींनी हात वर केला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्यामागोमाग शांतता आली, आणि चाकाच्या वरून, प्लास्टिकच्या आवरणामागून, दूध उतू जायच्या आधी जसा बारीक आवाज येतो तसा आवाज यायला लागला. सेक्रेटरींनी आवरणाचे स्क्रू काढले, आत ब्रश फिरवला. रिठ्याचा फेस फुगत फुगत बाहेर आला.

"ही कसली रबरी बुश लावली आहे इथे?" ते आतून म्हणाले. "कंपनीची नाही दिसत. काळी, सुरकुतलेली." मग हुंगल्याचा आवाज. "बाळू, हे लिंबू आहे."

बाळू खाली बसला.

हवेच्या काळ्या नळीला तांब्याच्या तारेचा एक वेढा होता, दुसरा वेढा चाकाबरोबर फिरणाऱ्या पट्टीला. मध्ये वाळून कोळसा झालेलं लिंबू आणि मिरच्या. चाक सरळ असलं की तार सैल. चाक डावीकडे पिळलं की तार ताणली जाई, नळीला चावे, आणि तिथली चीर उघडे.

मग बाळूने सांगितलं. भाऊशेठच्या आईंचा हुकूम होता की दर अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधायची. आणि भाऊशेठचा हुकूम होता की पुढं काही लटकवायचं नाही, गाडीचा शो जातो, पाव्हणे हसतात. "दोघंबी मालकच," बाळू म्हणाला. "मग म्या आत बांधलं. दिसंना आन् असंबी." दर अमावास्येला जुनं काढून नवं बांधता बांधता तिथे हात नीट पोचेना, म्हणून शेवटी जुनंच राहू दिलं होतं. बांधलंय हे महत्त्वाचं.

मला काय करायचं ते लख्ख दिसत होतं. "काका, तार काढा, कचऱ्यात टाका. नळी बदला. कुणाला कळणार आहे?"

"साहेब, पाया पडतो," बाळू म्हणाला.

सेक्रेटरी पुन्हा टायरवर बसले. तळवे गुडघ्यांवर. "भाऊशेठ विचारतील, नळी कशाने चिरली. काय सांगू?"

"उंदरानं कुरतडली म्हणा!"

"आणि उंदराची बाजू कोण मांडणार?"

"काका, ही चेष्टेची वेळ नाही. तुम्ही आयुष्यभर कामगारांच्या बाजूने उभे राहिलात. आणि आता त्याच्याच हातात पुरावा देणार? मालकाच्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फार लांबून चालत आलेला माणूस शेवटच्या चढाकडे बघतो तसं. "आयुष्यभर त्यांच्याकडे खरं मागितलं, संपादक. पत्रकामागून पत्रकं काढली. आता आपल्यावर आलं तर उंदीर?" मग बाळूकडे वळून म्हणाले, "पुढे बांधू नको असं त्यांनीच सांगितलं, हे तू त्यांच्या तोंडावर बोलशील?"

बाळूने मान खाली घातली.

"बरं. मग मी बोलतो. पण तू इथून हलायचं नाही."

भाऊशेठ दुपारी कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आले. पांढरे स्वच्छ कपडे, कपाळावर गंध. "घावलं का सेक्रेटरी?"

"सापडलं. या, बघा."

"तुमी सांगा की. कपडे..."

"सांगून विश्वास बसायचा नाही. आपण जरा गुडघे टेका."

मी भाऊशेठला सभेत पाहिलं होतं, फ्लेक्सवर पाहिलं होतं. ग्रीसच्या डागावर गुडघे टेकून चाकाच्या वर डोकं घातलेलं पहिल्यांदाच पाहत होते. सेक्रेटरींनी बॅटरीचा झोत आत धरला आणि पुन्हा ब्रश फिरवला. फेस फुगला.

"ह्यो फेस कळला. हे काळं काय हाय?"

"लिंबू."

भाऊशेठ बाहेर आले. "कुनी बांधलं?"

"म्या," बाळू म्हणाला.

"हात त्याचा," सेक्रेटरी म्हणाले. "चूक झाली त्याच्याकडून. हवेची नळी आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि न विचारता तार बांधली. हे मी झाकणार नाही. आता आपण पुढचं विचारा."

"पुढचं काय?"

"समोर का नाही बांधलं ते."

भाऊशेठ बाळूकडे बघायला लागले, मग गाडीकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांवरच्या काळ्या डागांकडे. भाऊशेठने खिशातून रुमाल काढला आणि गुडघे पुसायला लागले. डाग पसरला.

"आई दर अमावशेला इचारती," शेवटी ते म्हणाले. "बांधलं का रं म्हनून. म्या म्हनतो, बांधलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "सेक्रेटरी, ह्यातलं घरी कुनाला कळायला नको."

"मी कुणाच्या घरी जात नाही."

"तसं न्हाई हो. लिंबानं गाडी बसली असं आईला कळलं, तर ती म्हनंल लिंबानं न्हाई बसली, लपवलं म्हनून बसली. वरीसभर सुनावंल."

"आणि बाळू?"

भाऊशेठ चिडले. "बाळूचं काय! त्याला काढला तर का काढला ते आईला सांगावं लागंल की!" आणि बाळूला म्हणाले, "नळी बदलून गाडी घिऊन ये. उद्या सकाळी साडेआठला." आणि आले होते त्याच स्कूटरवर मागे बसून गेले.

मी उड्या मारायच्या बेतात होते. तिथल्या तिथे मसुद्याच्या पाठीमागे मथळा लिहिला. सेक्रेटरी चिरलेला तुकडा कापून नवी नळी जोडत होते. "बाळूची नोकरी कशाने वाचली?" त्यांनी आतूनच विचारलं.

"सत्याने!"

"म्हातारीच्या धाकाने. सत्य नुसतं हजर होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "विजय लिहू नकोस. धाक आहे तोवर नोकरी आहे. कागद वाया जाईल."

मी मथळा खोडला. त्या दिवशी त्यांच्यावर माझा फार राग होता. एवढं सगळं होऊन आनंद करायलाही माणसाला ताकद उरू नये, याचा.

पुढच्या वर्षी भाऊशेठच्या आई वारल्या. दिवस झाल्यावर गाडी विकली गेली, नवी आली, नव्या गाडीबरोबर नवा ड्रायव्हर आला. बाळूने दुसरीकडे खोली बघितली आणि भाड्याची रिक्षा चालवायला घेतली. मी शेडवर जाऊन सेक्रेटरींना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, मी बोललो होतो. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला आणि विचारलं, "पोरींची शाळा?" मी म्हटलं, तीच आहे, बाळू रिक्षाने सोडतो. "हं," म्हणाले, आणि बराच वेळ टायरवर बसून राहिले.

त्यानंतर त्यांचा उजवा खांदा वर जाईना. गाडीखाली झोपून हात वर धरता येईना. प्लॉटवर इमारत येणार म्हणून शेडही हलवायची होती. "कुठे हलवू? मीच हलतो," म्हणाले, आणि मुलीकडे सांगलीला जायचं ठरवलं. त्यांना स्वारगेटला सोडायला बाळूच आला. मी शेडवर पोचले तेव्हा माझ्या पिशवीत नव्या पत्रकांचा गठ्ठा होता. आमच्या गल्लीत मैलापाणी तुंबतं त्याबद्दल. त्यांना वरचं एक काढून दिलं. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून वाचलं. त्यात भ्रष्ट व्यवस्था नव्हती. कुठल्या चौकातलं कितवं चेंबर तुंबलं आहे आणि त्यावर कुणाच्या बांधकामाची खडी पडली आहे, ते होतं. ग्रीसचं बोट कुठेच टेकलं नाही. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पिशव्या ठेवायला आम्ही रिक्षाजवळ गेलो आणि मला दिसलं. रिक्षाच्या पुढे, दिव्याशेजारी, ताजं लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या. माझ्या तोंडावर "लिंबू पिळा" येऊन थांबलं. ते त्यांचंच वाक्य होतं, त्यांनीच म्हणावं, म्हणून मी वाट बघितली. बाळू चोरट्यासारखा उभा राहिला.

सेक्रेटरी वाकले. चष्मा वर केला. लिंबाला हात लावला नाही, गाठ चाचपली. "समोर बांधलंस," म्हणाले.

"व्हय साहेब. आता कोन न्हाई म्हननार?"

"पण तार आहे. दिव्याच्या वायरला घासेल."

"बदलतो साहेब. दोरा आनतो."

"आत्ता बदल." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डावा हात पुढे केला. "संपादक, गठ्ठ्याची सुतळी दे."

मी गाठ सोडून सुतळी दिली. बाळूने तार काढून फेकली, लिंबू-मिरची सुतळीने बांधली. सेक्रेटरींनी एकदा ओढून बघितलं आणि रिक्षात बसले. "चला," म्हणाले. "दमलोय."

स्वारगेटपर्यंत मी सुटी झालेली पत्रकं वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरून बसले होते.